उपासाला चालणारा पंप

"प्रीता, हे उपासाला चालतं का गं?"

श्रावणातला पहिला सोमवार होता आणि न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या त्या घरात सकाळची धांदल चालू होती. प्रीता एका हाताने लेकीचा, इलाचा, समर कँपचा डबा भरत होती आणि दुसऱ्या हाताने कॉफी पीत होती. सासूबाई, म्हणजे नीलाबाई, समोर उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर जांभळी गोल डबी होती. दम्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायची पावडर त्या डबीत होती.

यावर "चालतं" एवढंच उत्तर पुरलं असतं. शहाण्या सुनेने तेवढंच दिलं असतं. पण प्रीता एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायची. कशात काय आहे आणि किती आहे हे सांगण्याचाच तिला पगार मिळायचा. प्रश्न आला की उत्तर पूर्ण द्यायचं, ही तिची जुनी खोड होती. तिने खोक्यातलं पत्रक काढलं, उलगडलं, आणखी उलगडलं, आणि ओट्याची एक बाजू झाकून टाकल्यावर वाचायला सुरुवात केली.

"औषध अगदी चिमूटभरसुद्धा नाही. बाकी सगळं लॅक्टोज. दुधातली साखर."

"म्हणजे दूधच."

"दूध नाही आई, दुधातली..."

"दूध चालतं," नीलाबाईंनी निकाल दिला. त्यांचा चेहरा उजळला. "बघ, आणि मी वेडी इतकी वर्षं सोडत होते!"

प्रीताचा हात डब्यावरच थांबला. "काय सोडत होतात?"

"हेच. उपासाच्या दिवशी घेत नाही मी."

"अहो आई, हे रोज घ्यायचं असतं! किती उपास असतात तुमचे?"

"एरवी सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. श्रावणात मात्र जेवायचे दिवस कोणते ते विचार, सांगायला सोपं जाईल."

प्रीताच्या डोक्यात बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. दर श्रावणात नीलाबाईंना दम लागायचा. गेल्या वर्षी त्याचं खापर न्यू जर्सीच्या दमट हवेवर फुटलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी बेसमेंटमधल्या कार्पेटवर. कार्पेट बदलून झालं होतं. हवा तेवढी राहिली होती.

इथे विषय संपला असता, पण नीलाबाईंनी पदराआडून दुसरा हात पुढे केला. त्यात निळा पंप होता. एकाएकी दम लागला तर मारायचा तो.

"आणि हा?"

प्रीताने पुन्हा पत्रक काढलं. "यात लॅक्टोज नाही. औषध, गॅस आणि थोडं इथेनॉल."

"म्हणजे काय?"

"अल्कोहोल. अगदी किंचित, औषध विरघळावं म्हणून..."

"दारू?"

"दारू नव्हे हो! पिकलेल्या केळ्यातसुद्धा याच्याहून..."

"केळ्याला काही बोलू नकोस," नीलाबाई म्हणाल्या आणि निळा पंप दोन बोटांच्या चिमटीत धरून निघून गेल्या.

संध्याकाळी तो पंप नेहमीच्या ड्रॉवरमध्ये नव्हता. प्रीताने घरभर शोधला. शेवटी तो बेसमेंटमधल्या बारवर सापडला. तिच्या नवऱ्याच्या, संजीवच्या, दोन व्हिस्कीच्या बाटल्यांच्या मधोमध तो गरीब पाहुण्यासारखा अंग चोरून उभा होता.

"करेक्ट आहे ना," संजीव म्हणाला. "आईने कॅटेगरीप्रमाणे लावलंय."

"संजीव, तो हाताशी हवा."

"बार मला तरी हाताशीच वाटतो."

आता यात एवढं काळजीचं काय, असं कोणाला वाटेल. पण नीलाबाई पार्सिपनीच्या मंगळागौरीच्या मुख्य होत्या. ही मंगळागौर शनिवारी व्हायची, कारण मंगळवारी सगळ्यांना ऑफिस असायचं आणि टाउनशिपचा हॉल योगासनवाल्यांना दिलेला असायचा. बाकी सगळं रीतसर असायचं. नऊवारी, नथी, फुगड्या, झिम्मा, कोंबडा. नीलाबाई मुलाकडे राहायला आल्या तेव्हा इथल्या बायका फुगडी यूट्यूबवर बघून घालायच्या. तिथपासून त्यांनी हा खेळ उभा केला होता. गेल्या वर्षी मात्र ऐन रंगात त्यांना खुर्चीत बसावं लागलं होतं आणि शेवटची फुगडी रीमाने घातली होती. रीमा प्रोजेक्ट मॅनेजर होती. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला बॅकअप असायचा, आणि नीलाबाईंचा बॅकअप ती स्वतःच होती. यंदा तिने तालमीसाठी शिट्टी आणली होती.

"यंदा बसले ना," नीलाबाई प्रीताला म्हणाल्या होत्या, "की कायमची बसले. मग दर वर्षी खुर्ची मांडतील माझ्यासाठी. वर उशी ठेवतील."

मंगळवारी सकाळी नीलाबाईंनी 'मंगळागौर पार्सिपनी' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक निरोप बोलून टाकला. जांभळ्या डबीत दूध असतं, निळ्या पंपात दारू असते, हे आमच्या प्रीताने शोधून काढलं, आणि कोणाला काही शंका असेल तर ती लॅबमध्येच असते.

दुपारपर्यंत प्रीताच्या फोनवर फोटोंचा पूर आला. खोकल्याचं औषध, दात घासायची पेस्ट, डोळ्यांत घालायचे थेंब. प्रीताने एकेकाला नीट, खरं उत्तर दिलं. व्हिटॅमिनच्या मऊ गोळ्यांचं आवरण जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन हाडांचं असतं, असं तिने कळवल्यावर ग्रुपमध्ये स्मशानशांतता पसरली. मग वीणाकाकूंचा फोन आला.

"प्रीता, माझ्या कॅल्शिअमच्या बाटलीवर ऑयस्टर शेल लिहिलंय. ते कंपनीचं नाव आहे ना गं?"

"नाही काकू. कालवांचे शिंपले दळून करतात ते."

पलीकडे बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी बारा वर्षं एकादशीला शिंपले खातेय?"

"दळलेले," प्रीता म्हणाली. तिला वाटलं, त्याने धीर येईल.

बुधवारी रीमाचा फोन आला. "यार प्रीता, तू गप्प बसायला काय घेशील? अर्ध्या टीमने व्हिटॅमिन सोडली, वीणाकाकूंनी कॅल्शिअम सोडलं. शोच्या दिवशी कोंबडा खेळताना एखादीचं हाड मोडलं तर मी रिप्लेसमेंट कुठून आणू?"

"मी फक्त जे खरं ते सांगितलं."

"तेच तर! कोणी विचारलंय खरं?"

शनिवारी तालीम होती, प्रीताच्याच बेसमेंटमध्ये. नव्या कार्पेटवर बारा बायका झिम्मा खेळत होत्या आणि वर स्वयंपाकघरातली भांडी साथ देत होती. प्रीता धुतलेले कपडे काढत होती. एकाएकी खाली गाणं थांबलं आणि इलाचा आवाज आला.

"आजी, टेक द ब्लू वन! प्लीज!"

प्रीता जिन्यावरून धावत गेली. नीलाबाई बारच्या उंच स्टुलाला धरून वाकल्या होत्या. खांदे वर चढले होते, छातीतून शिट्टी वाजत होती. दुसरी शिट्टी रीमाच्या गळ्यात होती, ती मात्र गप्प होती. निळा पंप नीलाबाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर, दोन बाटल्यांच्या मधे होता. आणि त्या जांभळी डबी ओढत होत्या.

"आई! निळा घ्या!"

नीलाबाईंनी मान हलवली. "शनिवार... आहे."

"हे कितव्यांदा ओढलंत?"

दोन बोटं वर आली. मग एका श्वासात दोन शब्द, असा हिशोब करत त्या म्हणाल्या, "दूधच ते... त्याला किती... जोर असणार."

तेव्हा कुठे प्रीताला कळलं, आपल्या खऱ्या उत्तरांनी काय करून ठेवलंय. उपासाला चालणारी ती जांभळी. म्हणून उपासाच्या दिवशी दम लागला तरी जांभळीच. निळा फक्त खाण्याच्या दिवशी. औषधांची वाटणी सासूबाईंनी वारांप्रमाणे केली होती.

तिने निळा पंप उचलला, हलवला आणि पुढे धरला. "आई, घ्या. पाप माझं."

"तुझ्या... नावावर?"

"माझ्या नावावर. रीमा साक्षीदार."

"मी साक्षीदार," रीमा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

नीलाबाईंनी निळा पंप मारला, थांबून पुन्हा मारला. हळूहळू खांदे खाली आले, शिट्टी विरली, ओठांवर रंग आला. त्यांनी पंपाकडे नव्या नजरेने पाहिलं.

"दारूच ती," त्या म्हणाल्या. "कशी लगेच लागू पडली."

बायका हसल्या, पण रीमा हसली नाही. ती नीलाबाईंच्या शेजारी बसली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "काकू, यंदा तुम्ही बसून गाणी म्हणा ना. आवाज तुमचाच हवा. मी खेळाचं बघते. आणि मी ना, छान खुर्ची अरेंज करते तुमच्यासाठी."

उशीचं ती काही बोलली नाही, पण नीलाबाईंना ती दिसली.

"शनिवारी बघू," त्या म्हणाल्या.

"पुढचा शनिवार की त्याच्या पुढचा?"

"शोचा."

शो दोन आठवड्यांवर होता.

डॉक्टरांच्या ऑफिसला फोन झाला. नर्सबाईंनी सांगितलं, जांभळी ठरल्यापेक्षा जास्त वेळा ओढायची नाही, रोजची चुकवायची नाही आणि निळा कायम जवळ बाळगायचा. प्रीताने ते मराठीत समजवायला घेतलं. पहिला प्रयत्न श्वासनलिकेच्या आकृतीने झाला. नीलाबाईंनी आकृती छान आली असल्याचं सांगितलं. दुसऱ्या प्रयत्नात सूज, पेशी आणि रिसेप्टर आले. नीलाबाईंनी जांभई दिली. मग प्रीताने आयुष्यात प्रथमच पत्रक बाजूला ठेवलं.

"आई, जांभळी लगेच काही करत नाही. घेतल्यावर काही वाटतसुद्धा नाही."

"मग घ्यायची कशाला?"

"रोज घेत राहिलं तर गुण येतो. पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी."

"आणि मधे चुकलं तर?"

खरं उत्तर चार वाक्यांचं होतं आणि त्यात दोन 'परंतु' होते. प्रीताने ते सगळं गिळलं. "तर केलेलं वाया जातं."

"घेतल्यावर?"

"चूळ भरायची. तोंड स्वच्छ करायचं."

नीलाबाई सरळ बसल्या. "मग हे आधी नाही का सांगायचंस? औषध काय म्हणतेस त्याला? हे व्रत आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून त्यांनी हातावर पाणी सोडून संकल्प केला. त्यात पार्सिपनीचा उल्लेख रस्त्याच्या नावासकट आला, कारण देवाला जीपीएस नसतो. जांभळ्या डबीला देवघराशेजारी जागा मिळाली. निळ्याचा प्रश्न राहिला होता, पण तोही त्यांनीच सोडवला. संकटात सगळं माफ असतं. मसाल्याच्या बरण्यांना लावायची कागदी पट्टी त्यांनी फाडली, तिच्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं 'फक्त दम लागला तर', आणि ती पंपावर चिकटवून पंप कमरेच्या बटव्यात टाकला.

"आई, हे भारी आहे," संजीव जेवताना म्हणाला. "म्हणजे लेबल असलं की दारू चालते. मग माझ्या बाटलीलाही एक पट्टी लाव ना."

नीलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.

पुढचे दोन आठवडे त्या घरात घड्याळ जांभळ्या डबीवर चाललं. सोमवार असो, शनिवार असो, नीलाबाई ठरल्या वेळी डबी उघडायच्या, खोल ओढायच्या, श्वास रोखून मनात देवाचं नाव घ्यायच्या आणि मग चूळ भरायच्या. इला एकदा मैत्रिणीकडे राहायला निघाली तेव्हा तिला पायरीवरून हाक मारून परत बोलावलं गेलं, कारण आजीची चूळ भरून व्हायची होती आणि त्याआधी कोणी बाहेर पडलेलं आजीला चालत नव्हतं. हा नियम पत्रकात नव्हता. प्रीताने तसं सांगितलं नाही. ती शिकत होती.

शोच्या शनिवारी हॉल भरला होता. स्टेजच्या कडेला रीमाने खुर्ची मांडली होती. उशी होती. निळ्या रंगाची, साडीला मॅचिंग.

नीलाबाई खुर्चीवरून नजर फिरवून मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. झिम्मा झाला. बसफुगडी झाली. प्रीता पहिल्या रांगेत बसून सासूबाईंच्या खांद्यांकडे बघत होती. खांदे जागच्या जागी होते. कोंबडा झाला, आणि वीणाकाकूंचं हाड मोडलं नाही. शेवटची फुगडी आली तेव्हा नीलाबाईंनी हात पुढे केले आणि म्हणाल्या, "ये रीमा."

पहिल्या गिरक्यांना टाळ्या पडल्या. मग टाळ्यांना ठेका आला. मग ठेका वाढला. नीलाबाई गात होत्या आणि फिरतही होत्या, आणि प्रीताला त्यांचा एकेक शब्द अखंड ऐकू येत होता. रीमाचा गजरा सुटला. नथ कानाकडे निघाली.

"काकू, बास!"

"का गं? आत्ता तर लय लागलीय."

"काकू, सोडा! सोडा हो!"

नीलाबाईंनी तिला अलगद सोडलं, दंडाला धरून चार पावलं चालवलं आणि त्या खुर्चीत बसवलं. उशी पाठीशी नीट केली. बटवा उघडावा लागला नाही.

यानंतर सगळं सुखाने चाललं असतं. चाललंही, शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी प्रीता लॅबमधून लवकर घरी आली, तर दारात बायकांच्या चपलांचा ढीग होता. घरात पुरणाचा वास दरवळत होता. श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णी जेवायला असतात हे तिला माहीत होतं, आणि शुक्रवारी सगळ्यांचंच वर्क फ्रॉम होम असतं हेही. ती हात धुऊन आत गेली आणि जागीच थिजली.

हॉलमध्ये चौरंग होता. चौरंगाभोवती रांगोळी. चौरंगावर तांदूळ, तांदळावर विड्याचं पान आणि पानावर जांभळी डबी. तिला हळदकुंकू लावलेलं होतं. तोंडाकडची झडप बंद होती, एवढंच नशीब. समोर पुरणपोळीचा नैवेद्य होता. रीमा, वीणाकाकू आणि आणखी सहाजणी पाटावर, सोफ्यावर, जमेल तिथे बसून जेवत होत्या.

"आलीस? बरं झालं," नीलाबाई म्हणाल्या. नवी साडी नेसल्या होत्या. "बस पानावर. उद्यापन आहे."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? व्रताचं. तीन आठवडे झाले, फळ मिळालं. सगळ्यांसमोर मिळालं."

"मिळालं," रीमा मान खाली घालून म्हणाली आणि पुरणपोळीवर तूप घेतलं.

"आई, तुम्ही आज सकाळी डबी ओढली?"

"आज कशी ओढणार? उद्यापन म्हटल्यावर संपलं ना ते. वीणालाच देणार होते डबी वाण म्हणून, पण ती म्हणाली, आधी प्रीताला विचार त्यात शिंपले आहेत का."

आठ जणी प्रीताकडे बघत होत्या. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं: सूज परत येते, हळूहळू येते, बरं वाटतं म्हणून थांबवणारे लोकच पुढे दवाखान्यात जातात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला कधी द्यायचं नसतं. पण आकृती काढायला कागद नव्हता, आणि सासूबाईंचा चेहरा इतका आनंदी होता.

"आई, डॉक्टरांनी याचं वर्षभराचं रिफिल लिहून दिलंय," ती म्हणाली.

"मग?"

"ही संपली की दुसरी येते. मग तिसरी."

"आणि वर्षाने?"

"वर्षाने पुन्हा लिहून देतात."

नीलाबाई डबीकडे बघत राहिल्या. "याला उद्यापनच नाही?"

"नाही."

"फळ मिळालं तरी?"

"फळ टिकावं म्हणूनच ते."

हॉलमध्ये कोणी घास चावेना. नीलाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे रोज करायचं. केलेलं कोणाला दिसत नाही. एक दिवस चुकलं की मात्र सगळ्या घराला कळतं. आणि सुटका नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. लांब, मोकळा, शिट्टी नसलेला. "मग व्रत कसलं गं? हा तर संसार झाला."

वीणाकाकूंना ठसका लागला. रीमा इतकी हसली की तिच्या पानातलं तूप सांडलं. नीलाबाईंनी मात्र गंभीरपणे डबी उचलली, पदराने हळदकुंकू पुसलं, उघडली, सगळ्यांसमोर खोल ओढली, श्वास रोखला, सोडला आणि सिंकपाशी जाऊन चूळ भरली. मग परत येऊन म्हणाल्या, "जेवा. पुरण तरी वाया कशाला घालवायचं?"

प्रीताला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"प्रीता, आता तू आहेसच तर," वीणाकाकूंनी पर्समधून बाटली काढली, "हे नवीन कॅल्शिअम बघ ना."

"माझे थायरॉइडचे रिपोर्ट पण," पाटावरून आवाज आला.

"आणि मी ना, कोलेस्टेरॉलची गोळी मागच्या महिन्यात बंद केली," सोफ्यावरून तिसरी म्हणाली. "नॉर्मल आलं म्हणून."

"बंद केली?" प्रीताने विचारलं.

"मीपण केली," चौथी म्हणाली. "बीपीची."

आठ फोन आणि तीन बाटल्या तिच्या दिशेने निघाल्या. नीलाबाई आतून ओरडल्या, "आधी खालून दोन खुर्च्या आण गं, मग बस त्यांच्यापाशी!"

प्रीता बेसमेंटमध्ये गेली. खाली शांत होतं. तिने घडीच्या दोन खुर्च्या भिंतीवरून उतरवल्या आणि सहज बारकडे नजर टाकली. दोन व्हिस्कीच्या बाटल्या होत्या, मधली जागा रिकामी होती. उजवीकडच्या बाटलीवर मसाल्याच्या बरण्यांची कागदी पट्टी नीट चिकटवलेली होती. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'फक्त दम लागला तर'.

वरून हाक आली, "प्रीता! येतेस ना? आणखी दोघी आल्यात, त्यांच्या पण गोळ्या आहेत!"

प्रीताने खुर्च्या खाली ठेवल्या. पट्टी पुन्हा एकदा वाचली आणि ग्लास शोधू लागली. लेबलवरच्या सूचना ती नेहमीच तंतोतंत पाळायची.